आईच्या तोंडावरची सूज

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी जोगेश्वरीला गेले. आईने दार उघडलं आणि माझं डोकं सटकलं. दोन्ही डोळे सुजलेले, गाल टम्म, पापण्या इतक्या फुगलेल्या की आतला डोळा शोधावा लागतोय. विचारलं, "परत मारलं ना त्याने?" आई चहा टाकायला आत वळली. मला तेवढं बस झालं.

तो गॅलरीत पेपर वाचत बसलेला. अडुसष्ट वर्षांचा आमचा बाप, बनियन, गळ्यात तुळशीची माळ. म्हणे दारू सोडून चार वर्षं झाली. म्हणे शनिवारी खालच्या देवळात भजनाला जातो. भजन! काल शनिवार होता. शनिवार म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये. लहानपणी शनिवारी रात्री मी आणि आई मोरीत लपायचो आणि रविवारी सकाळी मी सहाणेवर आंबेहळद उगाळायचे, आईच्या तोंडाला लावायला. ते आंबेहळदीचं कुडं, सुकलेला तुकडा, अजून तिथेच आहे, फळीवर, मिठाच्या बरणीमागे.

बर्फ लावला. माझ्या कबड्डीच्या बॅगेत सुजेच्या गोळ्यांची पट्टी होती, अख्खी काढून दिली. "सकाळ-संध्याकाळ, जेवून घे. आमच्या संघातल्या पोरी हीच घेतात, दोन दिवसांत मैदानावर." घेते म्हणाली.

जाताना त्याच्याकडे बघून थुंकावंसं वाटलं. शिकवण आड आली म्हणून नाही थुंकले.

५ नोव्हेंबर

शाळा, मग प्रॅक्टिस ६ ते ८. सुटल्यावर आईकडे डोकावले. तोंड बऱ्यापैकी उतरलंय. गोळी झकास काम करते. पाय मात्र ओढत चालते. "काय झालं?" तर "पाठ धरलीय गो." ही पाठ मी सहावीत असल्यापासूनची. त्याने ढकललं तेव्हा पाण्याच्या पिंपावर पडली होती. तेव्हापासून रोज एक लाल गोळी, थंडीत दोन. केमिस्टवाला तिला बघितलं की न विचारता काढून ठेवतो.

आज प्रॅक्टिसला एका पोरीचा घोटा धरला तो शिट्टी वाजली तरी सोडला नाही. ती ओरडली, "मॅडम, दुखतंय!" तेव्हा भानावर आले. सॉरी म्हटलं. बाकीच्या पोरी माझ्याकडे बघत होत्या.

९ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा तेच. गेल्या रविवारपेक्षा जास्त. शिवाय हात. हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्यात, दोन बांगड्यांच्या मध्ये मांस वर आलंय. "हात पिरगाळला?" आई म्हणाली, "राहू दे गो." राहू दे!

गॅलरीत गेले, त्याच्या हातातला पेपर ओढला, फाडला. "लाज नाही वाटत? या वयात?"

"मी हात लावूक नाय तिका. देवाशपथ सांगतंय."

देवाची शपथ तो तेव्हाही घ्यायचा, उतरल्यावर. मी स्टूल उचललं आणि भिंतीवर हाणलं, त्याच्या कानापासून वीतभर लांब. पाय तुटला स्टुलाचा. खालच्या मजल्यावरची बाई वर आली, काय पडलं विचारायला. आई दारातूनच तिला म्हणाली, स्टूल पडलं. खोटं बोलली असंही म्हणता येत नाही.

१० नोव्हेंबर

रात्री मिलिंदशी भांडण. त्याचं म्हणणं, "आईंना डॉक्टरला दाखव." मी म्हटलं, मार खाल्लेल्या बाईला डॉक्टर काय करणार? पोलीस स्टेशनला नेते, पण ती सही करणार नाही. मग नवरोबा भाकरी मोडत शांतपणे म्हणतात, "दोन्ही डोळ्यांना अगदी सारखंच कसं लागतं गं? आणि काळंनिळं कुठंय?"

"तुझ्या घरात कोणी कोणाला मारलं नाही. तुला काय घंटा कळतं?"

तवा आपटला. गॅसची काच तडकली. मिलिंद जेवण सोडून उठला. मी एकटीच सगळं जेवले, रागात जास्तच जेवले.

१६ नोव्हेंबर, रविवार

आईला म्हटलं, बोरीवलीला चल, आमच्याकडे राहा. "मी कशाला जाऊ? खोली माझ्या नावावर आहे. जायचं त्यांनी जावं." बरोबर आहे. पण तोही जात नाही.

वजन वाढलंय तिचं. जेवण तर चिमणीएवढं. खारा बांगडा भाजलेला, त्याच्याशी चार घास भात, बस. म्हटलं दुसरं काही खा, तर म्हणे तोंडाला चव नाही, खारं तेवढं लागतं. गोळ्या संपल्या म्हणाली. दुसरी पट्टी दिली.

२३ नोव्हेंबर

घाटकोपरला मॅचेस, आईकडे जाता आलं नाही. हरलो. फोन केला तर आईला एक वाक्य पुरं बोलायला दोनदा थांबावं लागलं. "काय गं, धापा का टाकतेस?" "आत्ताच जिना चढले." लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमध्ये. साला, खोटंही नीट बोलत नाही. तो शेजारी उभा असणार म्हणून.

फोन ठेवला आणि चेंजिंग रूमच्या लोखंडी कपाटाला लाथ घातली. जुना गुडघा लचकला. या गुडघ्यातलं पाणी एकदा सुईने काढलंय, पिवळं, अर्धा पेला. आता पुन्हा फुगणार.

३० नोव्हेंबर, रविवार

तेवढं लिहून ठेवते.

दार उघडंच होतं. जाळीतून दिसलं, त्याने आईचा दंड धरला होता आणि तिला मोरीकडून ओढत आणत होता. आईचं तोंड मला ओळखू आलं नाही. डोळे म्हणजे दोन फटी. ओठसुद्धा सुजलेले.

पुढचं मी ठरवून केलं नाही. पण आवडलं. हे इथे तरी लिहायला हवं.

बाजूने घुसले, कबड्डीत रेडरला घालतात तशी धडक घातली. तो स्वयंपाकघराच्या चौकटीवर आदळला. थोबाडीत चार दिल्या, मोजून नाही, पण चार असाव्यात. माळ तुटली, मणी सगळीकडे. त्याने तोंडावर हात घेतला, तो हात धरला आणि मागे पिरगाळला, पार वरपर्यंत. कट्टकन आवाज आला. तो खाली बसला. खाली बसलेल्या माणसाला मी लाथ मारली. कमरेत.

"मी मारूक नाय गो, वैशू. नाय मारलंय मी."

त्याने हात उचलला नाही. एकदाही नाही. मला वाटलं होतं उचलेल, मग अजून मारता येईल.

आई ओट्याला टेकून उभी होती. चहा उतू जात होता. तिने आधी गॅस बंद केला, फडक्याने ओटा पुसला आणि मग म्हणाली, "पुरे." पुरे म्हणायला तिने बराच वेळ घेतला.

तीच रात्र, हॉस्पिटलमधून आल्यावर

मनगट मोडलंय. दोन ठिकाणी. कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टरीण होती, पायात स्पोर्ट्स शूज. तिने विचारलं, "काका, कसं लागलं?" मी उभीच होते शेजारी. मनात म्हटलं, सांग. पोलिसांना बोलव. मी तयार आहे.

तो म्हणाला, "बाथरूमात घसरलंय."

हे आमच्या आईचं वाक्य. जोगेश्वरीतला एकेक दवाखाना हे वाक्य ऐकून आहे. तिने लिहून घेतलं आणि त्याला एक्स-रेला पाठवलं.

मग तिची नजर बाकावर बसलेल्या आईकडे गेली. "मावशी, तुम्हाला हे कधीपासून?" मी मध्येच म्हटलं, "ती मार खाते. यांच्या हातचा." म्हटलं एकदाचं बोलून टाकावं. डॉक्टरीण आईसमोर उकिडवी बसली, साडी घोट्यावर सरकवली. पाय केळीच्या बुंध्यासारखे. महिनाभर संध्याकाळी मी त्या घरात जात होते आणि साडीखालचे पाय मी बघितले नाहीत.

तिने नडगीवर अंगठा दाबून धरला, मग काढला. खड्डा तसाच. पीठ मळताना बोट रुतावं तसा. आम्ही तिघी त्या खड्ड्याकडे बघत राहिलो, तो भरेचना.

"दुखतं का, मावशी?"

"नाही गो. नुसतं जड जड."

"सकाळी तोंडावर आणि संध्याकाळी पायांवर?"

"होय. उठले की तोंड असं. दुपारपर्यंत उतरतं."

"लघवीला फेस?"

आई लाजली. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "येतो. साबणासारखा. मला वाटलं मोरी धुतलेल्या पावडरीचा असेल."

डॉक्टरीण उठली. मला बाजूला घेतलं. "मॅडम, माराची सूज एका जागी असते, गरम असते, हात लावू देत नाही. ही दोन्हीकडे सारखी आहे. अंगात पाणी साठलंय. हृदय थकलं तर ते बहुतेक पायांपासून चढतं, लिव्हर गेलं तर पोट फुगतं, शीर तुंबली तर एकच पाय. डोळ्यांपासून सुरू झालं की आम्ही आधी लघवी तपासतो. मला किडनीची शंका येतेय."

"रोज असतं? रविवारीच नाही?"

"रोजच असणार. तुम्ही सकाळी कधी येता?"

रविवारी. मी सकाळी फक्त रविवारी येते.

१ डिसेंबर

झोप नाही. सारखं तेच. पंधरा वर्षं खेळले, दहा वर्षं शिकवतेय. मुका मार, लचक, फ्रॅक्चर, गुडघ्यातलं पाणी, अंधारात हात लावून सांगेन. आणि सख्ख्या आईच्या तोंडाला हात लावून मला कळलं नाही. मिलिंदला कळलं, जो आयुष्यात कधी मैदानावर पडला नाही. आमच्या घरात सुजलेल्या तोंडाचा एकच अर्थ होता. दुसरा असू शकतो हे डोक्यातच आलं नाही.

आई त्याला धरून मोरीतून येत होती. म्हणजे तो तिला धरून आणत होता. चक्कर आली होती तिला.

२ डिसेंबर

आईला अ‍ॅडमिट केलं. बायकांचा वॉर्ड, सतरा नंबरची कॉट. आडवं झालं की दम लागतो, म्हणून तीन उशा.

डॉक्टरीण म्हणाली, घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या. आईची कापडी पिशवी आणून पलंगावर ओतली. लाल गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांचा ढीग. टाकून देत नाही ती काही. "किती वर्षं?" आई म्हणाली, "ही सहावीत होती." माझ्याकडे बोट.

"पेनकिलर इतकी वर्षं रोज घेतली की किडनीची चाळण होऊ शकते. रक्तातली प्रथिनं गळून जातात, मग पाणी शिरांत टिकत नाही, बाहेर पाझरतं. मीठ त्यात भर घालतं." मग तिने ढिगातून दोन पट्ट्या वेगळ्या काढल्या. नव्या, निळ्या. "आणि ह्या? ह्या फार जोरदार आहेत. सूज आल्यावर ह्या कोणी दिल्या?"

मी.

म्हटलं ना, मी. अजून काय लिहू. तिसरी पट्टी माझ्या बॅगेत होती. वॉर्डाच्या संडासात जाऊन एकेक गोळी फोडून फ्लश केली, मग भिंतीवर मूठ मारली. टाइल होती. बोटं सुजलीत. गरम आहेत, दुखतात. ही माराची.

६ डिसेंबर

पाणी उतरायची इंजेक्शनं चालू. रोज वजन करतात, पिण्याचं पाणी मापून देतात. मीठ बंद. आई नर्सला विचारते, "एक खारा बांगडा पण नाही?" नर्स हसते. अंगठा दाबला की खड्डा अजून पडतो, पण आता लवकर भरतो. मी रोज दाबून बघते. आई वैतागते, "मी काय आंबा आहे?"

त्याला बायकांच्या वॉर्डात भेटीच्या वेळेशिवाय येऊ देत नाहीत. खाली फाटकाशी बसून असतो, हात गळ्यात अडकवलेला. प्लास्टर घट्ट झालंय, बोटं सुजून काळी पडायला लागलीत. मी दोन दिवस बघून न बघितल्यासारखं केलं. आज त्याला धरून कॅज्युअल्टीत नेलं, प्लास्टर चिरून सैल करून घेतलं. म्हटलं, "हात छातीच्या वर ठेवायचा. खाली सोडायचा नाही." "होय गो," म्हणाला. तेवढंच बोलणं. सॉरी म्हणायला तोंड उघडलं होतं. मग ते पिंप आठवलं. मिटलं.

१३ डिसेंबर

आई घरी. मी शाळेतून रजा घेऊन जोगेश्वरीलाच राहतेय. बाबा एका हाताने भांडी घासतो. इतक्या वर्षांत त्याला भांडी घासताना मी पहिल्यांदा बघितलं. आई पलंगावरून सांगते, "तळाशी राहिलंय." तो परत घासतो.

किडनीचा बारीक तुकडा काढून तपासायचाय. त्यावरून कळेल औषधाने सुधारेल की पुढे डायलिसिसचं मशीन लावावं लागेल. तारीख जानेवारीतली मिळालीय.

२१ डिसेंबर, रविवार

बाबा खाली दूध आणायला गेला होता. आई मटार सोलत होती, मी शेजारी. विचारूनच टाकलं. "तू सांगितलं का नाहीस? मारलं नाही म्हणून?"

"मी कधी म्हटलं मारलं?"

"नाही पण म्हणाली नाहीस ना!"

तिने दोन शेंगा सोलल्या. "लहान होतीस तेव्हा विचारायचीस, बाबांनी मारलं ना? मी म्हणायचे, नाही गो, बाथरूममध्ये घसरले. तुझा विश्वास बसायचा?"

"नाही."

"मग आता बसला असता?"

पण मला ते पटलं नाही. तोंड बघून कळत होतं, अजून काहीतरी आहे. म्हटलं, "आई, खरं बोल. त्या दिवशी तू गॅस बंद केलास, ओटा पुसलास. मग पुरे म्हणालीस."

आई एकदम मालवणीत शिरली. माझ्याशी ती मालवणी सहसा बोलत नाही, फक्त भांडताना. "माका एकदा बघूचा होता. मार खाताना कसो दिसता ता."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तुला माहीत होतं मी मारणार?"

"तू स्टूल फोडलंस तेव्हाच कळलं. तुझ्या अंगात त्यांचंच आहे ना सगळं." हे ती रागाने नाही बोलली, डोळे कोणाचे आलेत सांगावं तसं बोलली.

"मग? बघितलंस?"

"बघितलं."

"कसा दिसला?"

"म्हातारो," ती म्हणाली आणि मटाराचं ताट माझ्याकडे सरकवलं.

मी मोरीत जाऊन रडले. नळ सोडून. लहानपणी जिथे लपायचो तिथेच. ती चार आठवडे सुजत होती, दमत होती आणि माझ्या गोळ्या गिळत होती, हे एक दृश्य बघायला मिळावं म्हणून. की तिलाही कळलं नव्हतं हे दुखणं वेगळं आहे ते? विचारायची हिंमत झाली नाही. मी तिच्यावर चिडले की स्वतःवर, तेही कळत नाही.

२८ डिसेंबर

मिलिंद आला होता, गॅसची नवीन काच बसवली म्हणून सांगायला. त्याला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. तो माझ्या अजून सुजलेल्या बोटांकडे बघत बसला. मग म्हणाला, "मला कधी मारावंसं वाटलं तर आधी सांग, मी दरवाजाजवळ बसेन." गंमत केली त्याने. मला हसू आलं नाही. त्यालाही नाही आलं.

प्रॅक्टिसला जायची हिंमत नाही अजून. त्या पोरीचा मेसेज आला, घोटा बरा आहे मॅडम.

८ जानेवारी

आईच्या किडनीचा तुकडा काढला. तिने दात आवळून घेतले, हूं नाही की चूं नाही. डॉक्टरीण म्हणाली, मावशी खूप सोसतात. मी म्हटलं, सवय आहे. रिपोर्ट पुढच्या गुरुवारी.

११ जानेवारी, रविवार

सकाळी आईचं तोंड बघितलं. पापण्या थोड्या जड आहेत. पूर्वीएवढ्या नाहीत, पण आहेत. दोन दिवसांपूर्वी नव्हत्या. तिला काही बोलले नाही. वजन केलं, वहीत लिहिलं, दीड किलो वाढलंय. उद्या डॉक्टरिणीला फोन.

बाबाचं प्लास्टर काल निघालं. हात पांढरा, सुरकुतलेला आणि मनगट सुजलेलं. मूठ वळत नाही. चमचा धरताना पडला. दुसऱ्या हाताने उचलला, पुसला, पुन्हा धरला, पुन्हा पडला. आमच्याकडे कोणाकडेच न बघता.

आई पलंगावरून उठली. मी म्हटलं, झोप, काय हवंय ते मी देते. ऐकलं नाही. ओट्यापर्यंत गेली, मिठाच्या बरणीमागे हात घातला आणि ते आंबेहळदीचं कुडं काढलं. झिजून अंगठ्याएवढं राहिलंय. सहाण माझ्यासमोर ठेवली.

"तू लाव ना," मी म्हटलं.

"मी कशाला? ती सूज तुझी आहे."

मी पाणी घेतलं, उगाळायला बसले. तोच वास. बाबा समोर येऊन खाली बसला आणि हात पुढे केला. मी लेप हातात घेतला, तेव्हा त्याने डोळे गच्च मिटले आणि खांदा आत ओढून घेतला, मी मारणार आहे असं वाटून. आई पलंगावर बसून बघत होती.